परदेश प्रवासाचा आरोग्य विमा: ठाणे-नवी मुंबईतून नेहमी येणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः दोन प्रकारच्या घरांतून येतात. एका घरातले आई-वडील मुलांकडे अमेरिकेला निघालेले असतात. दुसऱ्या घरात युरोपची टूर बुक झालेली असते आणि व्हिसासाठी ‘ते इन्शुरन्सचं पत्र’ हवं असतं. उत्तरंही तोच अंदाज धरून दिली आहेत. सामान हरवणं, विमान चुकणं याबद्दल फारसं लिहिलेलं नाही. तिथे बुडाले तर काही हजार बुडतात, हॉस्पिटलच्या बिलात राहता फ्लॅट जाऊ शकतो.

आमचा २५ लाखांचा मेडिक्लेम आहे. तो परदेशात चालत नाही का?

सहसा नाही. साध्या मेडिक्लेममध्ये उपचार भारतातच झालेले असावेत अशी अट असते. ‘ग्लोबल कव्हर’ म्हणवणाऱ्या महागड्या योजना असतात, पण त्यातही दोन गोष्टी तपासा. कव्हर अचानक आलेल्या आजाराला आहे की आधी ठरवून केलेल्या उपचारालाच? आणि पैसे थेट हॉस्पिटलला जातात की आधी तुम्ही भरायचे आणि परत येऊन मागायचे?

कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमचंही तेच. ऐरोली-महापेतल्या आयटी कंपन्या ऑनसाइट पाठवताना वेगळी ट्रॅव्हल पॉलिसी काढून देतात, पण ती कामाच्या दिवसांपुरती असते. काम संपल्यावर आठवडाभर रजा टाकून फिरायचं, बायको-मुलांना बोलावून घ्यायचं असा बेत असेल, तर एचआरकडून सर्टिफिकेट मागवून त्यावरच्या तारखा आणि नावं वाचा. उरलेल्या दिवसांची आणि माणसांची पॉलिसी स्वतः काढावी लागेल, तीही भारतातून निघण्याआधी.

मुलीच्या बाळंतपणासाठी आई-बाबा सहा महिने अमेरिकेला चाललेत. ५० हजार डॉलरचं कव्हर पुरेल की एक लाखाचं घ्यावं?

हा प्रश्न जवळपास सगळेच विचारतात, आणि तो अर्धाच असतो. उरलेला अर्धा असा: त्या रकमेच्या आत कोणत्या खर्चाला किती मर्यादा आहे? यालाच सब-लिमिट म्हणतात. साठी ओलांडलेल्यांच्या स्वस्त पॉलिसींमध्ये ती हमखास असते. वेबसाइटवर मोठ्या अक्षरात एक लाख डॉलर लिहिलेले असतात आणि सब-लिमिटचा तक्ता पॉलिसीच्या शब्दांकनात कुठेतरी खाली पडलेला असतो.

हिशेब करून बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेत. समजा ६७ वर्षांच्या बाबांना न्यू जर्सीत पित्ताशयाचा अचानक त्रास झाला, ऑपरेशन झालं, चार दिवस हॉस्पिटलात राहिले. बिल असं आलं: खोलीचे रोज ४,५०० प्रमाणे १८,००० डॉलर, सर्जन आणि ऑपरेशन थिएटरचे २४,०००, भूलतज्ज्ञाचे ४,०००, सीटी स्कॅन आणि रक्त तपासण्यांचे ९,०००, इमर्जन्सी विभागाचे ५,०००. एकूण ६०,०००.

पहिली पॉलिसी एक लाखाची, पण सब-लिमिटवाली. खोलीला रोज १,५००, ऑपरेशनला कमाल १०,०००, भुलीला ऑपरेशनच्या रकमेच्या २५ टक्के, तपासण्यांना १,२५०, इमर्जन्सीला १,०००. बेरीज होते २०,७५०. त्यातून १०० डॉलर डिडक्टिबल (दाव्यातली तुम्ही स्वतः भरायची सुरुवातीची रक्कम) गेलं की कंपनी देणार २०,६५० आणि तुमच्या अंगावर ३९,३५०. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी तेहेतीस लाखांच्या वर.

दुसरी पॉलिसी फक्त ५० हजारांची, पण सब-लिमिट नसलेली. ती पूर्ण ५० हजार देते आणि तुमच्या अंगावर १० हजार उरतात.

म्हणजे कव्हर अर्धं आणि दिलासा दुपटीहून जास्त. म्हणून अमेरिकेसाठी आमचं मत स्पष्ट आहे: सब-लिमिट नसलेली पॉलिसी, आणि ती परवडत असेल तर एक लाख किंवा अधिक कव्हरची. बजेट मर्यादित असेल तर रक्कम उतरवा, पण सब-लिमिट स्वीकारू नका. एजंटला फोनवर विचारलं तर ‘सगळं कव्हर आहे’ असंच उत्तर येईल. त्याऐवजी ‘या वयाला सब-लिमिट लागू आहे का, असल्यास तक्ता ईमेल करा’ असं लेखी विचारा.

डिडक्टिबल म्हणजे काय? शून्य घ्यावं का?

प्रत्येक दाव्यात सुरुवातीची जी रक्कम तुम्ही स्वतः भरता ती. भारतीय पॉलिसींत वैद्यकीय खर्चाला साधारण ५० ते १०० डॉलर असतं. एवढ्यासाठी प्रीमियम वाढवून शून्य करण्यात फार अर्थ नाही. अपवाद युरोपच्या शेंगेन व्हिसाचा, त्याबद्दल पुढे.

अमेरिकन पॉलिसींत मात्र २५०, ५००, १,००० असे पर्याय असतात, आणि त्यापुढे ठरावीक रकमेपर्यंत ८०-२० अशी विभागणीही असू शकते. म्हणजे कंपनी ८० टक्के देणार, २० तुम्ही. डिडक्टिबल आणि ही विभागणी एकत्र मोजा.

बाबांना बीपी आणि शुगर आहे. फॉर्ममध्ये लिहिलं तर प्रीमियम वाढेल, नाहीतर पॉलिसी नाकारतील. लिहायचं का?

लिहायचंच. न लिहिण्याचं नुकसान बीपीपुरतं राहत नाही. मोठा दावा आला की कंपनी तिथल्या डॉक्टरांच्या नोंदी मागवते. इमर्जन्सीत पहिल्याच कागदावर रुग्णाचा पूर्वेतिहास लिहिलेला असतो, कारण नर्सने विचारलं आणि बाबांनी खरं ते सांगितलं: ‘बारा वर्षांपासून मधुमेह, रोज दोन गोळ्या.’ तुमच्या प्रपोजल फॉर्मवर त्या जागी ‘नाही’ असेल, तर माहिती दडवल्याच्या कारणाने अख्खा दावा अडतो. मग पडून हाड मोडलेलं असलं तरी वाद घालत बसावं लागतं.

लिहिल्यावर काय मिळतं हेही समजून घ्या. जुन्या आजारासाठी बहुतेक भारतीय ट्रॅव्हल पॉलिसी फक्त जीवघेण्या प्रसंगी, प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च देतात, आणि त्यालाही बऱ्याचदा वेगळी छोटी मर्यादा असते. बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला छातीत दुखलं तर तो ‘जुना आजार’ धरला जाण्याची शक्यता मोठी. म्हणून जुन्या आजाराची मर्यादा डॉलरमध्ये किती, हा आकडा खरेदीआधी काढून घ्या.

फॉर्म स्वतः भरा. एजंट सोसायटीतलाच असला, ओळखीचा असला तरी ओटीपी देऊन मोकळे होऊ नका. भरलेल्या फॉर्मची प्रत पॉलिसीसोबत येते, तिच्यात ‘नाही’ वर टिक पडलेली दिसली तर निघण्याआधी ईमेल करून दुरुस्त करून घ्या.

विमा इथून घ्यावा की मुलाने तिथून अमेरिकन कंपनीचा घ्यावा?

दोन्ही चालतं. इथली पॉलिसी स्वस्त, दावा न झाल्यास मुदतवाढ सोपी, तक्रार इथल्या लोकपालाकडे करता येते. पण हॉस्पिटलच्या काउंटरवर इथल्या कंपनीचं नाव कुणाला माहीत नसतं, सगळं काम मधल्या असिस्टन्स कंपनीमार्फत चालतं.

अमेरिकन व्हिजिटर पॉलिसी दोन जातीच्या. ‘फिक्स्ड बेनिफिट’ म्हणजे प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम. वर दाखवलेल्या सब-लिमिटचाच अमेरिकन अवतार. स्वस्त म्हणून मुलं हीच घेतात. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ महाग, पण तिला पीपीओ नावाचं हॉस्पिटलांचं नेटवर्क असतं आणि तिथे बिलिंग बऱ्यापैकी सुरळीत होतं. जुन्या आजाराबाबत ‘अक्यूट ऑनसेट’ असा शब्द दिसेल. त्याचा अर्थ, पूर्वसूचना न देता अचानक उद्भवलेला त्रास, ज्याला ठरावीक तासांत, बहुधा २४ तासांत उपचार घेतले. पायाला आठवडाभर सूज होती आणि मग दाखवलं, तर तो त्यात बसत नाही. शिवाय या सोयीला वयाची मर्यादा असते, बहुधा सत्तर किंवा ऐंशीपर्यंत.

अमेरिकन पॉलिसीची एक सोय मोठी आहे. तिथे पोचल्यावरही ती काढता येते. भारतीय पॉलिसी देशाबाहेर पडल्यावर नव्याने मिळणं कठीण.

आई-बाबा दोघे असतील तर दोघांना एकच योजना घेण्याचा हट्ट नको. ५९ वर्षांच्या धडधाकट आईला इथली पॉलिसी आणि ७१ वर्षांच्या, स्टेंट बसवलेल्या बाबांना अमेरिकन कॉम्प्रिहेन्सिव्ह, अशी विभागणी बरेचदा जास्त शहाणपणाची ठरते.

सत्तरीनंतर पॉलिसी मिळते का?

मिळते. पर्याय कमी होतात, प्रीमियम वाढतो, काही कंपन्या ईसीजी, साखर, लघवी तपासणीचे ताजे रिपोर्ट मागतात. तपासणीला आणि मंजुरीला वेळ लागतो, तेव्हा तिकीट काढल्या-काढल्याच चौकशी सुरू करा.

शेंगेन व्हिसासाठी नेमकं काय लागतं?

नियम युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेतच लिहिलेला आहे: किमान ३०,००० युरोचं कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत वैध, पूर्ण मुक्कामासाठी, आणि त्यात तातडीचे उपचार, हॉस्पिटल, वैद्यकीय कारणाने मायदेशी परत आणणं आणि मृत्यू झाल्यास पार्थिव आणणं हे सगळं असलं पाहिजे. ५०,००० डॉलरची पॉलिसी या अटीत बसते.

अर्ज अडतो तो रकमेवरून क्वचित, कागदावरून जास्त. कारणं ठरलेली असतात. पत्रावर ‘शेंगेन’ शब्दच नाही, नुसतं ‘इटली, फ्रान्स’ लिहिलंय. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे आणि पॉलिसीवर गाळलंय. परतीचं विमान दिल्ली किंवा दुबईमार्गे दुसऱ्या दिवशी पोचतंय आणि पॉलिसी आदल्या दिवशी संपतेय. काही वकिलाती डिडक्टिबलवरही बोट ठेवतात, म्हणून शेंगेनपुरतं शून्य डिडक्टिबल घेतलेलं बरं, फरक किरकोळ असतो. तारखा दोन-तीन दिवस पुढे ताणून ठेवा.

शेंगेनमध्ये सध्या २९ देश आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. ‘लंडन-पॅरिस-स्वित्झर्लंड’ टूरवाल्यांनी ब्रिटनही कव्हर असल्याची खात्री करावी. ब्रिटनला पर्यटक व्हिसासाठी विमा सक्तीचा नाही, पण तिथल्या सरकारी हॉस्पिटलात दाखल झालात तर परदेशी पाहुण्याला ठरलेल्या सरकारी दराच्या दीडपट बिल लागतं.

व्हिसा नाकारला तर पॉलिसी सुरू होण्याच्या तारखेआधी नकारपत्र जोडून रद्द करा. थोडं शुल्क कापून प्रीमियम परत मिळतो. मेडिक्लेमला असतो तसा ‘फ्री-लूक’ काळ (पॉलिसी न पटल्यास सुरुवातीच्या दिवसांत परत करण्याची मुभा) इथे धरून चालू नका, एका वर्षाहून कमी मुदतीच्या पॉलिसीला तो लागू होत नाही.

पॉलिसीची तारीख कोणती टाकायची? विमान रात्री दीडचं आहे.

साधा वाटतो, पण चूक इथेच होते. मुंबईहून बरीच आंतरराष्ट्रीय विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख असते. तुम्ही ११ला संध्याकाळी घोडबंदर रोडवरून निघता, ट्रॅफिक धरून आठला विमानतळावर, दहाला इमिग्रेशन पार. पॉलिसी १२ तारखेपासून असेल, तर भारताची इमिग्रेशन ओलांडल्यापासून मध्यरात्रीपर्यंत तुम्ही विम्याबाहेर. सुरुवात ११ तारखेची टाका. एका दिवसाचा प्रीमियम नगण्य आहे.

परतीला उलट. अमेरिकेहून निघून भारतात उतरेपर्यंत तारीख एक-दोनदा बदलते. शेवटची तारीख भारतात पोचण्याची, आणि त्यावर एक दिवस जादा.

सहा महिने म्हणजे १८० दिवस ना?

अमेरिकेत सहा महिन्यांचा मुक्काम मिळाला की कॅलेंडरप्रमाणे तो १८१ ते १८४ दिवसांचा होतो. भारतीय सिंगल ट्रिप पॉलिसी सहसा १८० दिवसांपर्यंत. शेवटचे तीन-चार दिवस उघडे पडतात. परतीचं तिकीट त्या हिशेबाने काढा किंवा मुदतवाढीची सोय आधी विचारून ठेवा. मुदतवाढीचा अर्ज पॉलिसी चालू असतानाच करायचा असतो. सोबत प्रकृती ठीक असल्याचं लेखी द्यावं लागतं, आणि आधी दावा झाला असेल तर कंपनी नाही म्हणू शकते. मुदत संपून एक दिवस झाला की विषय संपला.

वर्षातून चार-पाच वेळा कामासाठी जाणाऱ्यांना वार्षिक मल्टी-ट्रिप पॉलिसी स्वस्त पडते. मात्र प्रत्येक फेरीला ३०, ४५ किंवा ६० दिवस अशी मर्यादा असते. मुलांकडे राहायला जाणाऱ्या आई-वडिलांना ती निरुपयोगी.

टूर कंपनीने विमा दिलाय. पुरेसा आहे का?

सर्टिफिकेट मागा. ‘पॅकेजमध्ये इन्शुरन्स आहे’ हे माहितीपत्रकातलं वाक्य म्हणजे पॉलिसी नव्हे. वयाची मर्यादा, सब-लिमिट आणि जुना आजार या तीनच गोष्टी बघा. ग्रुपमध्ये पन्नाशीच्या पुढचेच बहुतेक असतात आणि टूर कंपनी सगळ्यांना एकच, स्वस्तातली योजना लावते.

विमान तिकिटासोबत टिक करून मिळतो तो विमा मुख्यतः उशीर, सामान वगैरेसाठी असतो. क्रेडिट कार्डावरचा ‘एक कोटीचा विमा’ म्हणजे बहुधा विमान अपघातात मृत्यू झाल्यास मिळणारी रक्कम. तापाला त्याचा उपयोग नाही.

थायलंड, बाली, व्हिएतनामला तरुण मंडळी चाललीत. स्कूटर भाड्याने घेतली तर?

तीन अडथळे. पहिला, परवाना. चालवणाऱ्याकडे त्या देशात वैध परवाना नसेल तर अपघाताचा दावा नाकारला जातो. ठाणे किंवा वाशी आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मिळतं, त्यावर दुचाकीचा वर्ग असायला हवा. इथल्या परवान्यावर फक्त कार असेल तर परमिटवरही कारच येणार. शिवाय भारताचं परमिट १९४९च्या जिनिव्हा करारानुसार असतं आणि व्हिएतनाम १९६८च्या करारातला देश आहे. तिथे आपलं परमिट दाखवून ५० सीसीहून मोठी स्कूटर किंवा बाइक चालवणं विम्याच्या दृष्टीने विनापरवाना चालवण्यासारखंच.

दुसरा, हेल्मेट. तिसरा, दारू. हॉस्पिटलने रक्तात अल्कोहोल असल्याची नोंद केली की बोलणंच खुंटतं.

स्कूबा, पॅरासेलिंग, राफ्टिंग यांना ‘अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्स’चं जादा कव्हर लागतं. नेपाळमध्ये ट्रेकला जाणाऱ्यांनी पॉलिसीत उंचीची मर्यादा किती मीटर लिहिली आहे ते बघावं. एव्हरेस्ट बेस कॅम्प साधारण ५,३६४ मीटरवर आहे आणि साध्या पॉलिसी त्याच्या बऱ्याच खाली थांबतात. हेलिकॉप्टरने खाली आणण्याआधी कंपनीची परवानगी घेतलेली असावी, ही अट वाचल्याशिवाय लुक्लाचं (ट्रेक जिथून सुरू होतो तिथलं) विमान तिकीट काढू नका.

मुलगा शिकायला चाललाय. स्टुडंट पॉलिसी इथूनच घेऊ का?

देशावर अवलंबून. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त मुक्कामाच्या व्हिसासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो. विद्यार्थ्यांना तो वर्षाला ७७६ पौंड आहे आणि तो भरला की तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळते. ऑस्ट्रेलियाला ओएसएचसी (परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा तिथला आरोग्य विमा) हाच विमा लागतो, तोही व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा. जर्मनीत तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याने सार्वजनिक विम्यात नाव घालायचं असतं. इथून नेलेली ट्रॅव्हल पॉलिसी पोचल्यापासून प्रवेश पक्का होईपर्यंतच्या दिवसांना कामाची, पुढे नाही.

अमेरिकेत विद्यापीठ स्वतःचा महागडा विमा लावतं, आणि तुमचा विमा त्यांच्या अटींत बसत असेल तर सूट देतं. त्या सूटीचा फॉर्म विद्यापीठाच्या साइटवरून काढा आणि त्यातल्या अटी भारतीय पॉलिसीशी एकेक करून ताडा. बऱ्याच ठिकाणी जमत नाही. जे-१ व्हिसावाल्यांना (देवाणघेवाण कार्यक्रमावर जाणाऱ्यांना) तर सरकारनेच किमान अटी घातल्या आहेत: प्रत्येक आजार किंवा अपघाताला १ लाख डॉलर, वैद्यकीय स्थलांतराला ५० हजार, पार्थिव परत आणायला २५ हजार, आणि डिडक्टिबल ५०० डॉलरच्या वर नको.

कॅनडाच्या सुपर व्हिसाला भारतीय पॉलिसी चालेल?

सुपर व्हिसा म्हणजे आई-वडील, आजी-आजोबांसाठीचा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा. त्याला साधी पॉलिसी चालत नाही. किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचं, प्रवेशाच्या दिवसापासून किमान एक वर्षाचं कव्हर लागतं, आणि कंपनी कॅनडाची किंवा तिथल्या वित्तीय नियामकाने मान्यता दिलेली असावी लागते. ‘पॉलिसी भरलेली आहे’ याचा पुरावा हवा, नुसतं कोटेशन नाही.

तिकडे गेल्यावर आजारी पडलं तर पहिलं काय करायचं?

जिवावर बेतलंय असं वाटलं तर विम्याचा विचार न करता ॲम्ब्युलन्स बोलवा. अमेरिकेत ९११, युरोपात ११२. अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे इमर्जन्सी विभागाला पैशांचा प्रश्न बाजूला ठेवून रुग्णाला तपासावं आणि स्थिर करावंच लागतं. आपल्याकडच्यासारखं ‘आधी डिपॉझिट भरा’ तिथे होत नाही.

तेवढं गंभीर नसेल, म्हणजे ताप, उलट्या, पाय मुरगळणं, तर इमर्जन्सीला जाऊ नका. ‘अर्जंट केअर’ नावाचे दवाखाने असतात, संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे. तिथलं बिल इमर्जन्सीच्या मानाने फारच कमी.

मग असिस्टन्स कंपनीला फोन. हा नंबर पॉलिसीच्या कागदावर असतो आणि तो मुंबईच्या ऑफिसचा नव्हे. आई-बाबांच्या फोनमध्ये सेव्ह करा, शिवाय फ्रिजवर चिकटवा. दाखल होण्याआधी, आणि ते शक्य नसेल तर पॉलिसीत दिलेल्या वेळेत, सहसा २४ तासांत, कळवायचं असतं. ते एक केस नंबर देतील. तो लिहून ठेवा, पुढचा सगळा पत्रव्यवहार त्यावर चालतो. फोन झाला की तेच ईमेलवर दोन ओळींत पाठवा, म्हणजे वेळेची नोंद राहते.

कॅशलेस बहुधा दाखल झालेल्या रुग्णालाच मिळतं. ओपीडीचे पैसे भरून नंतर मागायचे. काउंटरवर क्रेडिट कार्ड काढण्याची घाई करू नका, पॉलिसीचा कागद द्या आणि ‘बिल इन्शुरन्सला पाठवा’ म्हणा.

आणखी एक, अमेरिकेत बिल एकच येत नाही. हॉस्पिटलचं वेगळं, इमर्जन्सीच्या डॉक्टरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं, लॅबचं, ॲम्ब्युलन्सचं वेगळं, आणि काही तर आई-बाबा ठाण्याला परतल्यावर दोन-तीन महिन्यांनी मुलीच्या पत्त्यावर येतात. प्रत्येक पाकीट फोटो काढून असिस्टन्स कंपनीला पाठवायचं. एखादं न उघडता पडून राहिलं तर ते वसुली एजन्सीकडे जातं.

दाव्यासाठी कोणते कागद जपायचे?

तपशीलवार बिल, नुसतं एकूण रकमेचं नाही. अमेरिकेत हॉस्पिटलकडून यूबी-०४ आणि डॉक्टरकडून सीएमएस-१५०० हे फॉर्म नाव घेऊन मागा, त्यात आजाराचे आणि उपचाराचे कोड असतात. मागितल्याशिवाय रुग्णाला ते कुणी देत नाही. त्यासोबत डॉक्टरांच्या नोंदी, डिस्चार्ज समरी, प्रिस्क्रिप्शन, पैसे भरल्याच्या पावत्या, कंपनीचा भरलेला क्लेम फॉर्म आणि वैद्यकीय माहिती मिळवण्याचं संमतीपत्र. अपघात असेल तर पोलीस रिपोर्ट. परतल्यावर बँकेचा रद्द केलेला चेक, कारण ओपीडीचे पैसे रुपयांतच, इथल्या खात्यात येतात.

पासपोर्टवरचे शिक्के मागतात ते प्रवासाच्या तारखा सिद्ध करायला. अमेरिका बाहेर पडताना शिक्का मारत नाही आणि युरोपात आता शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद होते. त्यामुळे बोर्डिंग पास फेकू नका, मोबाइलवर असेल तर स्क्रीनशॉट घ्या. अमेरिकेच्या आय-९४ (ये-जा केल्याची सरकारी नोंद) साइटवरून प्रवासाचा तपशील छापून घेता येतो.

सामान आलं नाही तर विमानतळ सोडण्याआधीच एअरलाइनच्या काउंटरवर पीआयआर नावाचा रिपोर्ट करून घ्या. घरी पोचून केलेल्या फोनला विमा कंपनी विचारत नाही.

दात, डोळे, गरोदरपण?

अचानक उठलेल्या दातदुखीला थोडी रक्कम मिळते, कॅप किंवा रूट कॅनाल सहसा नाही. चष्मा नाही. गरोदरपण बहुतेक पॉलिसींतून वगळलेलं असतं. मुद्दाम उपचारासाठी केलेला प्रवास तर कुठल्याच पॉलिसीत बसत नाही.

औषधं किती न्यायची?

पूर्ण मुक्कामाची आणि वर पंधरा दिवसांची, मूळ स्ट्रिपमध्ये, हँडबॅगेत. रोजच्या गोळ्या संपल्या म्हणून तिथे डॉक्टरकडे गेलात तर तो खर्च विम्यात येत नाही. फॅमिली डॉक्टरकडून लेटरहेडवर टाइप केलेलं पत्र घ्या. त्यात ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव असू द्या. तुमच्या गोळीचा ब्रँड तिथे कुणाला कळत नाही आणि पॅरासिटामॉललाही अमेरिकेत असिटामिनोफेन म्हणतात. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी कोडीनवाली खोकल्याची औषधं आणि ट्रामाडॉल परवानगीशिवाय नेऊ नयेत. तिथे ती नियंत्रित औषधं आहेत.

दावा नाकारला. आता?

नकार लेखी मागा, त्यात पॉलिसीचं कोणतं कलम लावलंय ते लिहिलेलं असलं पाहिजे. ते कलम स्वतः वाचा. ‘जुना आजार’ म्हणून नाकारलं असेल तर तुमच्या इथल्या डॉक्टरांकडून पत्र घ्या, की हा त्रास आधी नव्हता किंवा आधीच्या आजाराशी त्याचा संबंध नाही. जुने रिपोर्ट जोडा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवा. सोबतच विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंद करा.

महिन्याभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. यासाठी आता मुंबईला जावं लागत नाही. ठाणे पश्चिमेला जीवन चिंतामणी इमारतीत लोकपालाचं कार्यालय आहे, आणि ठाणे जिल्हा, नवी मुंबई, रायगड, पालघर त्याच्याच कक्षेत येतात. अर्ज फुकट, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जा, आणि त्याआधी त्याच दाव्यासाठी ग्राहक आयोगात गेलेले नसा, नाहीतर अर्ज तिथेच परत येतो. पॉलिसी अमेरिकन कंपनीची असेल तर हा दरवाजा बंद. तिथली तक्रार त्या राज्याच्या विमा विभागाकडे मुलीलाच करावी लागेल.